गिऱ्हाइकांच्या प्रश्नांवरून माहितीपत्रकांची आखणी

शेतमाल पिकविणे हे जसे एक शास्त्र आहे, तसेच तो विकणे हेही एक शास्त्र आहे; परंतु पहिल्याकडे आपण जितके लक्ष पुरवितो तितके दुसऱ्याकडे पुरवीत नाही. शहरातील गिऱ्हाइकाला थेट माल विकण्याची संधी आज अनेक शेतकरी गटांना मिळाली आहे. फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री २०१६ साली राज्यात नियमनमुक्त झाली. त्याच वर्षी संत शिरोमणी श्री सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना पुढे आली व महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या साहाय्याने शहरोशहरी असे बाजार भरू लागले. उत्पादक कंपन्या, बचत गट आणि लहान लहान शेतकरी गट गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत जाऊन पोचले.

दारापर्यंत पोचलेला माल घरात मात्र आपोआप जात नाही. गिऱ्हाईक टोपलीपाशी येते, माल हातात घेते, काहीतरी विचारते आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास माल खाली ठेवून निघून जाते. संध्याकाळी उरलेला माल परत नेणे परवडत नाही, म्हणून तो फेरीवाल्यास मिळेल त्या भावाने देऊन टाकावा लागतो. दिवसभराची मेहनत, गाडीभाडे आणि मालाची किंमत या तिन्हींवर त्या एका न दिलेल्या उत्तरामुळे पाणी पडते. म्हणून गिऱ्हाईक काय विचारते हे लक्षपूर्वक ऐकणे, ते टिपून ठेवणे आणि त्यावरून आपली माहितीपत्रके, फलक व मोबाइलवरील संदेश यांची आखणी करणे, ही गोष्ट विक्रीकलेचा पाया मानली पाहिजे. या लेखात तिचाच विचार केला आहे.

बोलणे आणि ऐकणे

बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. ती खरी असली तरी अपुरी आहे. काय बोलावे हे ज्याला कळते त्याचाच माल खपतो, आणि काय बोलावे हे आधी ऐकल्याशिवाय कळत नाही. पुष्कळ गट रंगीत पत्रके छापतात. त्यांवर गटाचे नाव, अध्यक्षांचे छायाचित्र आणि ‘ताजा, शुद्ध व पौष्टिक माल’ असे शब्द असतात. गिऱ्हाइकाने यांपैकी काहीही विचारलेले नसते. तांदूळ नवा आहे की जुना, चिकू किती दिवसांनी पिकेल, ही भाजी कशी करावी, हे त्याचे प्रश्न असतात. ज्या पत्रकात या प्रश्नांचे उत्तर नाही ते पत्रक पिशवीत पडून राहते व दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते.

शेतीच्या जगात ही जाणीव नवीन नाही. अमेरिकेतील डीअर या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ म्हणजे ‘तास’ या नावाचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. केवळ आपल्या नांगराची स्तुती छापून ते सव्वाशे वर्षे टिकले नसते. शेतकऱ्याला ज्याची गरज आहे ती शेतीची माहिती त्यात येत गेली, आणि माहिती देणाऱ्याविषयी वाचकाच्या मनात विश्वास उत्पन्न झाला. त्या विश्वासाचा लाभ मालाच्या विक्रीला झाला. आपल्याकडील शेतकरी गटाला एवढे मोठे साधन नको. एक वही, एक पेन्सिल आणि ऐकणारा कान एवढ्यावर त्याचे काम भागते.

पुण्याचा प्रयोग

या बाबतीत महाराष्ट्राची स्वतःची एक मोलाची परंपरा आहे. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे आकाशवाणीवरून एक प्रयोग झाला. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संघटनेचे त्यास साहाय्य होते. मराठी भाषा बोलणाऱ्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर त्यावर चर्चा करीत. आपल्या शंका व मते मंडळाच्या निमंत्रकामार्फत आकाशवाणीस कळवीत, आणि त्या शंकांना पुढील कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. कॅनडात १९४१ साली सुरू झालेल्या अशाच मंडळांवरून ही कल्पना घेतलेली होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केले. मंडळे असलेली वीस गावे आणि मंडळे नसलेली वीस गावे त्यांनी तुलनेसाठी निवडली. मंडळे नसलेल्या वीस गावांपैकी दहांत रेडिओ होता, दहांत नव्हता. निष्कर्ष असा निघाला की, मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात फार मोठी भर पडली. ज्या गावांत मंडळ नव्हते तेथे ही भर नाममात्र होती, मग तेथे रेडिओ असो वा नसो. म्हणजे माहिती ऐकण्याचे साधन असणे एवढ्याने काम होत नाही. ज्याच्यासाठी माहिती आहे त्याला विचारण्याची वाट खुली असली आणि त्याच्या विचारण्यावरून पुढील माहिती ठरली, तरच ती त्याच्या उपयोगी पडते. १९५९ साली ही योजना देशभर लागू करण्यात आली ती या अनुभवाच्या बळावर.

त्या प्रयोगात विचारणारा शेतकरी होता आणि उत्तर देणारा शहरात बसला होता. आज आठवडे बाजारात ही जागा उलट झाली आहे. विचारणारे गिऱ्हाईक शहरातील आहे आणि उत्तर देणारा शेतकरी आहे. तत्त्व मात्र तेच आहे.

हाटकेशचे गिऱ्हाईक

हे तत्त्व व्यवहारात कसे आणावे हे पाहण्यासाठी मीरा रोडच्या पूर्वेकडील हाटकेश हा भाग विचारात घेऊ. मीरा-भाईंदर हे शहर मुंबईच्या उत्तर वेशीवर, वसईच्या खाडीच्या अलीकडे वसले आहे. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली व २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ भरली. ज्या जमिनीवर पूर्वी मिठागरे व भातखाचरे होती तेथे आता गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या आहेत. हाटकेशमध्ये अशा संस्थांच्या जोडीला लहान कारखान्यांचे गाळेही आहेत.

पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यास ही बाजारपेठ जवळची आहे. २०१३ सालापासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. वाडा, मनोर या बाजूने येणाऱ्यास मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोयीचा आहे. वाड्याचा कोलम तांदूळ, डहाणू-घोलवडचा चिकू, बहाडोलीचे जांभूळ हे भौगोलिक मानांकन लाभलेले जिन्नस याच जिल्ह्यातले. वसईची वेलभाजी व केळी, जव्हार-मोखाड्याची नाचणी व वरई, आणि पावसाळ्यातील रानभाज्या यांनाही शहरात मागणी आहे.

परंतु येथील गिऱ्हाईक एका साच्याचे नाही. एकाच इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय अशी बिऱ्हाडे राहतात. या शहरात जैन समाज मोठा आहे. अनेक जैन कुटुंबे कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य मानतात आणि चातुर्मासात पालेभाज्याही घेत नाहीत. नयानगरसारख्या भागात मुसलमान वस्ती असून रमजानच्या महिन्यात तेथे फळांना विशेष मागणी असते. उत्तन व डोंगरी या किनाऱ्यालगतच्या गावांत ख्रिस्ती व कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. अशा ठिकाणी सर्वांना एकच पत्रक वाटणे म्हणजे खडकाळ, काळ्या व पाणथळ जमिनीत एकच बियाणे टाकण्यासारखे आहे. कोणत्या जमिनीत काय पेरावे हे माती पाहून ठरते. कोणत्या गिऱ्हाइकास काय सांगावे हे त्याचे बोलणे ऐकून ठरते.

एका भाजीचे उदाहरण

प्रश्नाचे महत्त्व किती असते हे शेवळाच्या उदाहरणावरून चांगले समजेल. पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळाचे कोंब वर येतात. आदिवासी भगिनी ते पहाटे खुडून जुड्या बांधतात व बाजारात आणतात. या भाजीचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो. ठाणे-पालघरच्या जुन्या रहिवाशांना ती ठाऊक आहे व ते तिची वाट पाहतात. परंतु शहरात नव्याने आलेल्या कुटुंबाला ती अनोळखी असते. गिऱ्हाईक कुतूहलाने जुडी उचलते आणि विचारते, ‘ही कशी करायची?’ विकणारीच्या पुढे दहा माणसे उभी असतात. ती ‘चिरून करायची’ एवढेच सांगते. गिऱ्हाईक जुडी घरी नेते, इतर भाजीप्रमाणे फोडणीस टाकते आणि घरातील सर्वांच्या घशाला खाज सुटते. ते कुटुंब पुन्हा शेवळ घेत नाही. पुढे ती टोपली टाळून जाते. आणि शेजाऱ्यांनाही सावध करते.

शेवळात घशाला खाजविणारे द्रव्य असते हे आदिवासी घरातील लहान मुलीसही माहीत असते. म्हणून ती भाजी करताना काकडाची आंबट फळे वापरतात. ती न मिळाल्यास चिंच किंवा कोकम घालतात. जे ज्ञान विकणाऱ्याला इतके परिचित आहे की सांगण्यासारखे वाटत नाही, नेमके तेच गिऱ्हाइकाला हवे असते. ‘ही कशी करायची’ हा प्रश्न तीन आठवडे टिपला गेला असता, तर चौथ्या आठवड्यात जुडीबरोबर पुढील मजकुराची चिठ्ठी देता आली असती :

‘शेवळ : पहिल्या पावसाची रानभाजी. चिरण्यापूर्वी हाताला तेल लावावे. वरचे पापुद्रे सोलून काढावे. आतील पिवळसर दांड्याचा भाग टाकून द्यावा. भाजी बारीक चिरून तेलात चांगली परतावी. काकडाचा रस, चिंचेचा कोळ किंवा कोकम अवश्य घालावे. आंबट न घातल्यास घसा खाजतो. पूर्ण शिजल्यावरच खावी. काकडाची फळे आमच्याकडे मिळतील.’

या चिठ्ठीत स्तुतीचा एक शब्द नाही. तरीही ती भाजी खपविते, काकडाची फळेही खपविते आणि पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक राखते. रानभाज्यांच्या बाबतीत एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. ज्यांना त्यांची पिढीजात ओळख आहे अशांनीच त्या खुडाव्या. ज्या वनस्पतीविषयी किंचितही शंका असेल ती बाजारात आणू नये.

प्रश्नवही कशी ठेवावी

गटाने विक्रीच्या ठिकाणी एक साधी वही ठेवावी व तीत पाच रकाने आखावे : तारीख व ठिकाण, जिन्नस, गिऱ्हाइकाचे शब्द, दिलेले उत्तर, आणि माल घेतला की नाही. ही वही लिहिण्याचे काम पैसे घेणाऱ्या व तोलणाऱ्या व्यक्तीकडे देऊ नये, कारण तिला उसंत नसते. गटातील लिहितावाचता येणारा मुलगा किंवा मुलगी या कामास योग्य ठरते. बचत गटातील भगिनी हे काम विशेष चांगले करतात, कारण स्वयंपाकाविषयीचे प्रश्न गिऱ्हाईक त्यांच्याजवळ मोकळेपणाने बोलते.

लिहिताना एक नियम कटाक्षाने पाळावा. गिऱ्हाइकाने जे शब्द वापरले तेच लिहावे. आपल्या भाषेत त्याचे रूपांतर करू नये. शेतकरी भाताला ‘हळवा’ व ‘गरवा’ म्हणतो. गिऱ्हाइकाला ते शब्द ठाऊक नसतात. ते विचारते, ‘भात मोकळा होईल का?’ वहीत ‘तांदळाच्या जातीविषयी विचारणा’ असे लिहिल्यास प्रश्नाचा गाभाच नाहीसा होतो. ‘भात मोकळा होईल का?’ असे लिहिल्यास पत्रकाचा मथळा आपोआप मिळतो. गुजराती किंवा हिंदीत प्रश्न आला असेल तर तोही जसाच्या तसा देवनागरीत उतरून घ्यावा.

नमुन्यादाखल काही नोंदी अशा असू शकतील :

‘कोलम : नवा आहे की जुना? — उत्तर देता आले नाही — घेतला नाही.’

‘चिकू : आज खाता येईल का? — दोन दिवसांनी, असे सांगितले — अर्धा किलो घेतला.’

‘पालक : चोमासामां न चाले. — उत्तराचा प्रश्न नाही — दुधी घेतला.’

‘नाचणी : मुलांना कशी द्यावी? — भाकरी सांगितली — घेतली नाही.’

‘भेंडी : फवारणी केव्हा केली? — उत्तर टाळले — घेतली नाही.’

‘घेतली नाही’ असा शेरा असलेल्या नोंदी सर्वांत मोलाच्या समजाव्या. जे गिऱ्हाईक माल घेऊन गेले त्याने आपले समाधान दाखविले. जे न घेता गेले त्याने आपल्या कामातील उणीव दाखविली. न विचारता निघून गेलेल्या गिऱ्हाइकाचीही शक्य तर खूण करावी. कोणती टोपली पाहून ते थबकले व पुढे गेले, हेही एक प्रकारचे बोलणेच आहे. गिऱ्हाइकाचे नाव किंवा घराचा क्रमांक वहीत लिहिण्याची आवश्यकता नाही. मोबाइल क्रमांक घ्यावयाचा असल्यास तो कशासाठी हे सांगून व संमती घेऊनच घ्यावा; न विचारता कोणासही संदेशांच्या समूहात ओढू नये.

प्रश्नांची वर्गवारी

महिन्यातून एकदा गटाची बैठक घेऊन वही मोठ्याने वाचावी. प्रश्नांचे साधारणपणे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग ओळखीचा : हे काय आहे, कोठले आहे, कोणत्या जातीचे आहे. यांना फलकावरील एका ओळीत उत्तर देता येते. उदाहरणार्थ, ‘कोलम तांदूळ, गेल्या वर्षीचा, भात मोकळा होतो.’ नवा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो व जुना मोकळा होतो, हे शेतकऱ्यास माहीत असते. तेव्हा दोन्ही प्रकार वेगळे ठेवून, खिचडीस व पेजेस नवा आणि रोजच्या भातास जुना, असे लिहिले तर दोघांनाही गिऱ्हाईक मिळेल.

दुसरा वर्ग वापराचा : कसे शिजवावे, किती दिवस टिकते, केव्हा पिकते. यांना छोट्या चिठ्ठीत उत्तर द्यावे. चिकूच्या बाबतीत, कठीण फळ खोलीच्या साध्या हवेत ठेवावे, पिकल्यावर लवकर संपवावे, आणि आज, परवा व चार दिवसांनी खाण्याजोगी फळे निरनिराळ्या टोपल्यांत ठेवली आहेत, एवढे सांगितले तरी पुरे. अशा तीन टोपल्या मांडणे ही गोष्ट प्रश्नवहीतूनच सुचते.

तिसरा वर्ग विश्वासाचा : फवारणी केव्हा केली, आंबा कशाने पिकविला, माल सेंद्रिय आहे काय. यांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

चौथा वर्ग सवडीचा व व्यवहाराचा : बाजार किती वाजेपर्यंत असतो, पाव किलो मिळेल का, पुढच्या आठवड्यात येणार का. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, परंतु त्यांचे उत्तर पुष्कळदा पत्रकात नसून व्यवस्थेत बदल करण्यात असते. नोकरीवरून गाडीने परतणारे गिऱ्हाईक संध्याकाळी उशिरा घरी पोचते. बाजार त्यापूर्वीच उठत असेल, तर कितीही सुंदर पत्रक काढून उपयोग नाही.

एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून वारंवार आला तर त्याला आधी हात घालावा. एखादाच विचित्र प्रश्न आला म्हणून पत्रक छापू नये. मात्र आरोग्याशी संबंधित प्रश्न एकदाच आला तरी त्याची तात्काळ दखल घ्यावी.

विश्वासाच्या प्रश्नांस उत्तर

या ठिकाणी गटाची खरी कसोटी लागते. भेंडीवर फवारणी केव्हा केली, असे विचारल्यावर उत्तर टाळणे किंवा ‘आम्ही काहीच मारीत नाही’ असे खोटे सांगणे, ही दोन्ही नुकसानकारक आहेत. कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर असावे हे दिलेले असते. त्या अंतरास प्रतीक्षाकाळ म्हणतात. गटाने प्रत्येक सभासदाकडून फवारणीची तारीख, औषधाचे नाव व तोडणीची तारीख लिहून घ्यावी आणि गिऱ्हाइकाने विचारल्यास ती दाखवावी. ही नोंद दाखविता येत नसेल, तर त्या सभासदाचा माल त्या आठवड्यात आणू नये. म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न शेवटी शेतात जाऊन पोचतो व तेथील काम सुधारतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द आकर्षक आहे, म्हणून त्याचा मोह होतो. प्रमाणीकरण झालेले नसता तो फलकावर लिहू नये. त्याऐवजी जे केले तेवढेच लिहावे : ‘शेणखत व निंबोळी अर्क वापरला’ असे सत्य विधान गिऱ्हाइकास अधिक पटते. आंबा पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. ‘आढीत गवतावर पिकविलेला’ असे लिहावयाचे असेल तर तो खरोखरीच तसा पिकविलेला असला पाहिजे. कोणताही जिन्नस अमुक रोग बरा करतो असा दावा कधीही करू नये. पापड, लोणची, पीठ यांसारखा प्रक्रिया केलेला माल विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्यावी व वेष्टनावर आवश्यक तो तपशील छापावा.

एक खोटे उत्तर उघडकीस आले की ते इमारतीच्या मोबाइल समूहावर तासाभरात सर्वांस कळते. पूर्वी गावच्या पारावर अब्रू ठरत असे. आता ती तेथे ठरते.

बारा महिन्यांची आखणी

वर्षभराची प्रश्नवही हाती आली म्हणजे तिच्यातून पुढील वर्षाचे माहिती-पंचांग तयार करता येते. शेतकऱ्यास पेरणीचे वेळापत्रक नवीन नाही. हे वेळापत्रकही तसेच करावे. माल बाजारात येण्याच्या दोन आठवडे आधी त्याची माहिती तयार असली पाहिजे.

जून महिन्यात शेवळ, टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्यांच्या कृतींच्या चिठ्ठ्या असाव्या. आषाढ शुद्ध नवमीस म्हणजे कांदेनवमीस कांदा-वांग्याला मागणी असते. त्यानंतर चातुर्मास पाळणारी घरे ते घेत नाहीत, हे ध्यानात ठेवून माल कमी-अधिक आणावा. चातुर्मासात जैन गिऱ्हाइकांसाठी दुधी, शिराळी, पडवळ, काकडी, कंटोळी या फळभाज्या व मूग, चवळी, वाल ही कडधान्ये पुढे मांडावी आणि कंदमुळांच्या टोपल्या वेगळ्या ठेवाव्या. त्यांच्यासाठीचे पत्रक गुजराती जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. श्रावणात व नवरात्रात उपवासाच्या वरईविषयी प्रश्न येतील. भाद्रपदात गणपतीच्या दिवसांत ऋषीची भाजी करावयाची असते. तिच्या सर्व भाज्यांची तयार जुडी व तिची यादी देता येईल.

दिवाळीनंतर नवा तांदूळ येतो. तेव्हा नव्या-जुन्याचा भेद समजावून सांगणारे पत्रक काढावे. थंडीत नाचणीची भाकरी, आंबील व लाडू यांची माहिती द्यावी. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेल्यापासून नाचणीविषयी पुष्कळांना कुतूहल आहे, परंतु ती करावी कशी हे ठाऊक नाही. उन्हाळ्यात आंबा व जांभूळ येतात. तेव्हा आंबा कसा पिकविला या प्रश्नाचे उत्तर फलकावर प्रथमच लिहून ठेवावे. रमजानचा महिना चांद्र गणनेमुळे दर वर्षी मागे सरकतो. म्हणून त्याची तारीख आधी पाहून फळांचे नियोजन करावे.

या पंचांगाचा उपयोग केवळ पत्रकांपुरता नाही. पावसाळ्यात फळभाज्यांविषयी विचारणा अधिक होते असे वहीत दिसले, तर वेलभाज्यांचे मांडव किती घालावे हे उन्हाळ्यातच ठरविता येते. गिऱ्हाइकाचे बोलणे असे लागवडीपर्यंत पोचले म्हणजे वहीचे सार्थक झाले.

परिणाम कसा तपासावा

पत्रक काढले म्हणजे काम संपले असे समजू नये. पुण्याच्या प्रयोगात जशी मंडळे असलेली व नसलेली गावे तुलनेस घेतली, तशीच लहान प्रमाणावर तुलना गटालाही करता येते. हाटकेशमधील दोन सारख्या गृहनिर्माण संस्था निवडाव्या. दोन्हीकडे तोच माल, त्याच भावाने, त्याच वेळी न्यावा. एका ठिकाणी चिठ्ठ्या द्याव्या, दुसऱ्या ठिकाणी देऊ नये. चार आठवडे किती माल खपला, किती परत आला आणि किती गिऱ्हाइके पुन्हा आली याची नोंद ठेवावी. फरक दिसला नाही, तर चिठ्ठी बदलावी. चिठ्ठी दिल्यानंतरही तोच प्रश्न येत राहिला, तर तिची भाषा अवघड आहे किंवा अक्षर बारीक आहे असे समजावे.

पत्रकाचा आकार हाताच्या पंजाएवढा पुरे. एका पत्रकात एकच प्रश्न व त्याचे उत्तर असावे. अक्षर वृद्ध माणसास वाचता येईल इतके मोठे असावे. मोबाइलवर संदेश पाठवावयाचा असल्यास आठवड्यातून एकदा, बाजाराच्या आदल्या दिवशी पाठवावा. दररोज सुप्रभाताचे संदेश पाठवून गिऱ्हाइकास त्रास देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या कामी गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांचे मार्गदर्शन अत्यंत आवश्यक आहे. गटास वही आखून देणे, पहिल्या दोन बैठकींत ती वाचून दाखविणे आणि शास्त्रीय प्रश्नांची उत्तरे मिळवून देणे, ही कामे त्यांनी अंगावर घ्यावी. प्रतीक्षाकाळ, साठवण, प्रक्रिया यांविषयी शंका असल्यास कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्र, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठ, किंवा २००४ साली सुरू झालेले किसान कॉल सेंटर यांजकडे विचारणा करता येते. किसान कॉल सेंटरचा विनामूल्य क्रमांक १८००-१८०-१५५१ हा आहे. चुकीचे उत्तर छापण्यापेक्षा एक आठवडा उशीर झालेला बरा.

कार्यकर्त्यांनी स्वतःच्या कामासही हीच कसोटी लावून पाहावी. आपण गावात ज्या विषयांवर सभा घेतो ते विषय कोठून येतात? वरून आलेल्या परिपत्रकातून की शेतकऱ्याच्या तोंडून? शेतकरी आपणास वाटेत थांबवून जे विचारतो ते जर महिनाभर टिपून ठेवले, तर पुढील सभेचा विषय शोधावा लागणार नाही आणि सभेस माणसे जमवावी लागणार नाहीत.

शेतकरी गटांनी येत्या बाजाराच्या दिवशीच या कामास आरंभ करावा. पहिल्या दिवशी पाच प्रश्न जरी टिपले गेले तरी पुरेत. त्यांतील एकाचे उत्तर पुढील आठवड्यात फलकावर खडूने लिहावे आणि ते वाचून किती गिऱ्हाइके थांबतात ते पाहावे. छपाईचा खर्च त्यानंतर करावा. बियाणे निवडताना आपण दाणा दाणा पारखून घेतो. गिऱ्हाइकाला जे सांगावयाचे आहे तेही तितक्याच काळजीने निवडले, तर संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी परतण्याचे समाधान शेतकऱ्यास लाभेल.